अष्टागरातली सायकलवाट

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय माझ्यावर सोडला, आणि वर हळूच सुचवलं की 'काका, गुंतवणुकीवर बोला, लोकांना उपयोग होईल.' मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे गुंतवणुकीवर बोलायला मला आवडत नाही. पण त्यांचा मान राखून मी गुंतवणुकीवरच बोलणार आहे. फक्त ती सायकलवरची असेल.

आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे की आम्ही पाच-सहा म्हातारे अधूनमधून सायकली टेम्पोत टाकून अलिबागला जातो. काहींना वाटतं आम्ही तिकडे मासे खायला जातो. ते अगदीच खोटं नाही. पण आम्ही तिथे नेमकं काय करतो, कोणत्या रस्त्यांनी फिरतो, आणि मी हे सगळं आज, याच वर्षी का सांगतो आहे, ते नीट सांगावं असं ठरवून आलो आहे.

प्रथम जागेची ओळख. मुंबई बंदराच्या पलीकडे मांडव्यापासून दक्षिणेला रेवदंड्यापर्यंत समुद्राला लागून एक अरुंद सपाट पट्टी आहे. तिला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आठ आगरं म्हणून अष्टागर. ती आठ कोणती, हे सांगणाऱ्यागणिक थोडं बदलतं. पण आवास, सासवणे, किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या गावांमधूनच आठ मोजली जातात. जो तो आपलं गाव आधी मोजतो, एवढंच.

कोकण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाट येतो, लाल माती येते, वळणं येतात. ते खरंच आहे. दापोली-गुहागरकडे सायकल नेली तर प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. तो तरुणांचा प्रांत. अष्टागराचं तसं नाही. डोंगर आहे, पण तो पूर्वेला, हातभर अंतर राखून उभा असतो. रस्ता खालून, वाड्यांच्या मधून जातो. मांडवा ते रेवदंडा साधारण चाळीस किलोमीटर. एवढ्या अंतरात दम लागेल असा चढ आम्हाला कुठे लागला नाही. सत्तरीतल्या गुडघ्यांना यापेक्षा चांगला रस्ता मुंबईच्या जवळपास मला तरी माहीत नाही.

माझा या भागाशी संबंध जुना आहे. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच सुमाराला माझी तिकडच्या एका शाखेत बदली झाली. मी तेव्हा फील्ड ऑफिसर होतो. शेतीची कर्जं, पंपसेटची कर्जं, म्हशींची कर्जं. कर्ज देण्याआधी जागेवर जाऊन पाहायचं आणि दिल्यावर पंप खरोखर बसलाय का, म्हैस खरोखर गोठ्यात आहे का, हेही पाहायचं. शाखेला जीप नव्हती. एक काळी, उंच, दांडीची सायकल होती. तिच्यावरून मी नागाव, चौल, रेवदंड्याच्या वाड्या पालथ्या घातल्या. त्या काळात कितीतरी वाड्यांमध्ये अजून रहाट होते. रहाटगाडग्याची कुरकुर ऐकू आली की समजायचं, पाणी चालू आहे आणि वाडीत माणूस आहे. पंपसेटची कर्जं आम्हीच दिली आणि ती कुरकुर बंद झाली. प्रगती म्हणतात ती हीच, आणि त्यात वाईट काही नाही. म्हातारपणी पहाटे तीनला उठून रहाटावर बैल हाकायला कोणाला आवडणार?

नंतर बदल्या झाल्या, पदोन्नती झाली, सायकल सुटली. २००० मध्ये आपण सगळे इथे राहायला आलो. २०११ ला मी निवृत्त झालो. सायकल परत हातात आली ती २०१६ साली, बी विंगमधल्या आमच्या पोस्टातल्या मित्रामुळे. तो म्हणाला, "तू नेहमी सांगतोस ना तिकडचं, मग एकदा दाखव." आम्ही सहाजण गेलो. तेव्हापासून वर्षातून दोन-तीन वेळा जातो. मधली कोविडची दोन वर्षं सोडून.

आता रस्ते सांगतो. आई-बाबांनी लिहून घेतलं तरी चालेल.

पहिला रस्ता मांडवा ते अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मिळते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मोटारींबरोबर सायकलीही घेतात. तासाभरात मांडवा. रस्त्याने पेण-वडखळवरून यायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं आणि वडखळला काय होतं ते मी सांगायला नको. बोटीतून उतरलं की मोटारवाल्यांना पुढे जाऊ द्यायचं. पाच मिनिटं चहा प्यायचा. तेवढ्यात सगळ्या गाड्या निघून जातात आणि रस्ता आपला होतो. ही युक्ती फुकट आहे आणि दर वेळी चालते.

मांडव्याहून सासवण्याला आलात की थांबायचं. इथे शिल्पकार वि. पां. करमरकरांचं घर आहे, तेच आता संग्रहालय झालं आहे. पुण्यातला श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. सासवण्याच्या अंगणात मात्र गावातली माणसं आहेत, म्हैस आहे, कुत्रं आहे. मोठी माणसं राजांचे पुतळे करून घरी येतात तेव्हा शेजाऱ्यांचे पुतळे करतात, हे पाहून मला फार बरं वाटलं होतं.

पुढे आवास, मग किहीम. मांडव्यापासून किहीम साधारण बारा किलोमीटर. पक्षितज्ज्ञ सालीम अली नोकरी नसण्याच्या काळात इथे येऊन राहिले होते आणि १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी इथेच सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं बांधकाम होतं, हे त्यांनी रोज बसून पाहिलं. आपल्या सोसायटीच्या बिल्डरला ही पद्धत माहीत असती तर पंचवीस वर्षांतल्या निम्म्या सभा वाचल्या असत्या.

किहीमहून चोंढी, थळ, वरसोली करत अलिबाग. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही जलदुर्गांची जोडी दिसते. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. वीस-बावीस किलोमीटर. कोणी सराईत असेल तर हसेल. हसू दे.

अलिबागेत कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्रे यांची समाधी सगळे पाहतात. मी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली ती वेधशाळा अलिबागला हलवली. इमारत बांधताना लोखंड टाळलं. म्हणजे मुंबईच्या गडबडीपासून जवळ, तरीही शांत अशी जागा शोधताना शास्त्रज्ञांनीसुद्धा अलिबागच निवडलं. समुद्र आणि धरमतरची खाडी यांनी हा तुकडा मुंबईपासून वेगळा ठेवला होता. त्या वेगळेपणामुळेच तो इतकी वर्षं शांत राहिला. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्यावर यायचं आहे.

दुसरा रस्ता अलिबाग ते रेवदंडा. जायला साधारण अठरा किलोमीटर, यायला तेवढेच. हा माझा सगळ्यात आवडता. अलिबाग सोडलं की आक्षीची खाडी लागते आणि पुलापलीकडे आक्षी. इथे एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात, शिलाहारांच्या काळातला. मराठीतल्या सर्वात जुन्या कोरीव लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपली भाषा दगडावर लिहून ठेवली आणि तो दगड कुठल्या राजधानीत नाही, आक्षीसारख्या लहान गावात आहे. मोटारीतून जाणाऱ्याला तो दिसत नाही. चालत जाणारा तिथपर्यंत पोचत नाही. तो सायकलवाल्यासाठीच ठेवला आहे असं आम्ही म्हणतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला तेव्हा आम्ही पाचजण मुद्दाम त्या दगडापाशी जाऊन आलो. नमस्कार केला, पेढा खाल्ला, पुढे निघालो.

आक्षीनंतर नागाव आणि मग चौल. इथून रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी, मधून पाटाचं पाणी, आणि वरून हिरवं छप्पर. एप्रिलच्या दुपारीसुद्धा या सावलीत शिरलं की अंगावर गार वारा येतो. चौल एके काळी मोठं बंदर होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाविकांच्या लिखाणात त्याचा उल्लेख आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला निघाला तो चौललाच उतरला. आज चौलला बंदर नाही. रामेश्वराचं देऊळ आहे, पुढ्यात पुष्करणी आहे, डोंगरावर दत्त आहे आणि खाली शांतता आहे. बंदरं येतात आणि जातात, हे तिथे बसून सहज पटतं.

रेवदंड्यात तर रस्ता पोर्तुगीजांच्या कोटातूनच जातो. तटाच्या आत गाव, गावात वाड्या, वाडीत एखादा पडका चर्चचा मनोरा. शेवटी कुंडलिका खाडी. तिथे थांबून नारळपाणी प्यायचं आणि परत फिरायचं.

तिसरा रस्ता आतला. अलिबागहून पूर्वेला नेहुली, खंडाळे, कार्ले या बाजूला पांढऱ्या कांद्याची शेतं आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेला तो हाच कांदा. फेब्रुवारीनंतर रस्त्याच्या कडेला कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. एक माळ हँडलला अडकवून सायकल चालवणं ही कला आहे. ती आमच्या सौ.ना जमते, मला नाही. त्याच्याही पलीकडे पोयनाडच्या बाजूला खारेपाट. बांधांच्या आतली खारजमीन, भाताची खाचरं, तळी, त्यातला जिताडा. जमीन इतकी सपाट की दोन किलोमीटरवरून येणारा माणूस दिसतो. इथेच चरी हे गाव आहे. १९३३ मध्ये इथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा. सहा-सात वर्षं लोकांनी जमीन कसली नाही, जंगलातून मोळ्या आणून विकल्या, पण संप मोडला नाही. शेतकऱ्यांच्या इतक्या लांबलेल्या संपाचं दुसरं उदाहरण सहसा सांगितलं जात नाही. हा इतिहास आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता. मी तो खारेपाटातल्या एका कर्जदाराच्या ओटीवर बसून ऐकला.

चौथा रस्ता तरुणांसाठी. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. कोर्लईला किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घराघरात बोलतात. काशीदच्या आधी चढ लागतो. तिथे आम्ही उतरून सायकल हाताने ढकलतो आणि फोटो मात्र वर पोचल्यावर, सायकलवर बसून काढतो. मुरूडच्या पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे अशा खाड्यांवरच्या फेरीबोटी धरत मुलं थेट गोव्यापर्यंत जातात. सी विंगमधल्या आपल्या दोन इंजिनियर मुलांनी हे केलं आहे. त्यांचं भाषण पुढच्या वेळी ठेवा.

आता थोडं व्यवहाराचं.

एक, हंगाम. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत.

दोन, वारा. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. पहाटे वारा जमिनीकडून येतो, हलका असतो. अकरा-बारानंतर समुद्राकडून सुटतो आणि या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येचा असतो. म्हणून उत्तरेकडे परतायचं ते पहाटे, आणि दक्षिणेला जायचं असेल तर दुपार चालेल. वाराच पाठीवर हात ठेवून नेतो. ज्यांनी उलटं केलं ते दुसऱ्यांदा आले नाहीत.

तीन, भरती-ओहोटी. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी. कोळीबांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा आणि किनाऱ्यावर विचारून घ्या. बँकेत मी चक्रवाढ व्याज शिकवलं, पण इतकं सुटसुटीत गणित आम्हाला कधी जमलं नाही.

चार, ओल्या वाळूवर सायकल घालू नका. दिसायला छान दिसतं, पण मीठ साखळी खातं. घातलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा आणि तेल द्या.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवार-रविवार जाऊ नका. सोमवारी जा, गुरुवारी परत या. ज्यांना रविवारची वाट पाहावी लागत नाही अशी माणसं जगात थोडी आहेत आणि ती बहुतेक सगळी आपल्या बागेतल्या बाकांवर बसलेली असतात.

सहा, डॉक्टरांना विचारून या. बी.पी.च्या गोळ्या, हेल्मेट, पाण्याची बाटली आणि नातवंडांना फोन लावता येईल एवढी बॅटरी. वेग ताशी दहा-बारा. कोणाला मागे टाकायचं नाही. सगळ्यात हळू चालणारा पुढे राहील, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.

इथपर्यंत सहलीचं झालं. आता गुंतवणुकीचं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. आपण सगळे टाळेबंदीत घरात होतो. टीव्हीवर दिसलं ते थोडं होतं. नंतर आम्ही गेलो तेव्हा नागाव-चौलच्या रस्त्यावर मला ऊन लागलं. इतक्या वर्षांत तिथे ऊन लागल्याचं आठवत नव्हतं. वरचं छप्परच गेलं होतं. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. मी ज्यांच्या वडिलांना १९८२ मध्ये पंपसेटचं कर्ज दिलं होतं त्यांच्याकडे गेलो. वडील केव्हाच गेले. मुलगा आता पन्नाशीचा. तो म्हणाला, "काका, आजोबांनी लावलेली झाडं होती. एका दुपारी गेली."

पोफळीचा हिशेब मला पाठ आहे, कारण कर्जाचे हप्ते आम्ही त्यावरच ठरवायचो. रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. माडाचंही जवळपास तसंच. म्हणजे तेवढी वर्षं वाडीत पैसा घालायचा, पाणी घालायचं, आणि हातात काही नाही. अशा वेळी शेजारी कोणी बंगल्यासाठी जागेचा भाव विचारायला आला तर 'नाही' म्हणायला काय लागतं, ते मी कर्जदारांच्या डोळ्यांत पाहिलं आहे. काहींनी विकलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मुलींची लग्नं, मुलांची शिक्षणं, आजारपणं कोणाला चुकली आहेत? ज्याला गरज आहे त्याने विकावं.

आमच्या या मित्राने विकलं नाही. पुन्हा रोपं लावली. मधल्या काळात केळी लावली, मागची दोन खोल्यांची जागा रंगवून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आम्ही आता तिथेच उतरतो. त्यांच्या घरचं वालाचं बिरडं आणि सोलकढी खातो. थंडीत कधी पोपटी लावतात. मागच्या वर्षी गेलो तेव्हा रोपं माणसापेक्षा उंच झाली होती. तो मला वाडीत घेऊन गेला, एका जागी उभं केलं आणि म्हणाला, "काका, बघा, डोक्यावर सावली यायला लागली." मी हिशेब केला. फळ धरेल तेव्हा मी पंचाहत्तरी ओलांडलेली असेल.

आता मघाचा मुद्दा. हा तुकडा शांत राहिला तो समुद्र आणि खाडीमुळे. ते अंतर आता कमी होतंय. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पुलाचं काम चालू आहे. पूल झाला की मुंबईहून मोटारीने थेट अष्टागर. पुलाच्या विरुद्ध मी बोलणार नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा हार्टचा पेशंट मुंबईला न्यायचा तर तिथल्या लोकांनी बोटीची वाट बघत बसायचं, आणि आपण शांतता हवी म्हणून पूल नको म्हणायचं, हे शोभत नाही. पूल त्यांचा हक्क आहे. पण पुलावरून जे येईल त्याने हा रस्ता बदलेल, यातही शंका नाही. रस्ता रुंद करायचा तर कडेचे माड जाणार. भाव वाढले तर आणखी वाड्या जाणार. आणि सावली गेली की तो दहा फूट रुंदीचा, गार, हळू रस्ता उरणार नाही. कुठल्याही महामार्गाच्या फाट्यासारखा एक फाटा उरेल.

मला जे सांगायचं आहे ते इतकंच. हा रस्ता सौम्य आहे तो नुसता सपाट जमिनीमुळे नाही. बाजूला कोणीतरी वाडी राखून आहे म्हणून तो सौम्य आहे. सावली फुकट दिसते, पण तिच्यामागे कोणाची तरी सात वर्षांची बिनव्याजी गुंतवणूक असते. ती वाडी टिकवायचा मोठा उपाय माझ्याकडे नाही. लहान उपाय आहे. आपण तिकडे जावं, हळू जावं, वाडीवाल्याच्या घरी उतरावं, त्याच्याकडचं जेवावं, त्याचा नारळ, त्याची सुपारी, त्याचा कांदा त्याच्याकडूनच, घासाघीस न करता घ्यावा. वाडी राखून चार पैसे मिळतात असं त्याला दिसलं पाहिजे. मोटारीतून येणारा रिसॉर्टच्या फाटकात शिरतो आणि फाटकातूनच परत जातो. सायकलवाल्याला दर तीन किलोमीटरवर तहान लागते. गावाच्या दृष्टीने तो फार चांगला गिऱ्हाईक आहे.

आणि ही घाई फक्त रस्त्याची नाही, आपलीही आहे. बँकेत मुदत ठेवीची मुदत संपत आली की बँक पत्र पाठवते. गुडघे पत्र पाठवत नाहीत. सहाजणांपैकी आम्ही आता पाच आहोत. ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो आमचा पोस्टातला मित्र २०२१ मध्ये गेला. त्याची सायकल वर्षभर खाली पार्किंगमध्ये उभी होती. मग त्याच्या सूनबाईंनी एक दिवस येऊन मला विचारलं, "काका, मी आले तर चालेल का?" आता त्या येतात. सगळ्यात हळू चालणारा पुढे, या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षी त्या पुढे असायच्या. आता पुढे मी असतो.

शेवटी कार्यकारिणीपुढे आणि सभेपुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली, आपल्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून कितीतरी सायकली गंजत पडल्या आहेत. मुलं मोठी झाली, परदेशी गेली, सायकली राहिल्या. ज्यांना नको असतील त्यांनी त्या सोसायटीला द्याव्यात. कोपऱ्यावरचा सायकलवाला दुरुस्तीला तयार आहे. दुरुस्तीचा पहिल्या वर्षाचा खर्च मी माझ्या पेन्शनमधून करीन. दुसऱ्या वर्षी मात्र वर्गणी काढावी लागेल.

दुसरी, वॉचमन केबिनच्या मागे छपराखाली सायकलींसाठी एक रांग राखून ठेवावी. दोन मोटारींची जागा जाईल. ज्यांची जाईल त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. वसुलीचा मला अनुभव आहे.

तिसरी, येत्या डिसेंबरात ज्येष्ठांची तीन दिवसांची सहल, सोमवार ते बुधवार. मांडवा, अलिबाग, रेवदंडा आणि परत. मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी वेगळी, एका दिवसाची. शाळेला सुट्टी असेल असा आडवार पाहून, सकाळच्या रो-रोने मांडवा, तिथून सासवणे, किहीम आणि परत. येऊन-जाऊन पंचवीस किलोमीटर. सहावीच्या पुढच्या मुलांना सहज जमेल. आई-बाबांचं मी सांगू शकत नाही.

नावं ए विंगच्या तळमजल्यावर नोटीस बोर्डाखाली ठेवलेल्या वहीत लिहावीत. वहीला पेन बांधलेलं आहे. बँकेतली सवय आहे, माफ करा. ज्यांना सायकल येते पण वीस-पंचवीस वर्षांत हात लावला नाही, त्यांच्यासाठी रोज सकाळी साडेसहा वाजता मागच्या आवारात मी आणि सौ. उभे असू. पहिले दोन दिवस हँडल डगमगतं. तिसऱ्या दिवशी डगमगत नाही.

माझी वीस मिनिटं केव्हाच संपली आहेत. सेक्रेटरी घड्याळाकडे बघताहेत.  चहा तयार आहे असं कळतं.